ओल्या पोत्यातल्या बाटल्या

कामरगाव मागे पडलं, जीप डांबरी सोडून गावाच्या कच्च्या फाट्याला लागली, आणि साधनाच्या मांडीवरच्या पिशवीत काहीतरी फटकन फुटलं. आवाज फार मोठा नव्हता. कुणी तरी बंद खोलीत एकदाच टाळी वाजवावी, तेवढा. पण मांडीला गार ओल लागली, आणि पाठोपाठ तो वास वर आला. आंबट चेरीचा, जुन्या चामड्याचा, आणि त्याच्या तळाशी पावसात भिजून घरात वाळत घातलेल्या बैलाच्या झुलीचा. एवढ्या भीतीतही तिच्या डोक्यात शब्द आपोआप लागत गेले आणि तिला स्वतःचाच राग आला. मागच्या बाकावरच्या दोन माणसांनी नाकं वर केली. खालिदनं आरशातून पाहिलं. हा खालिद तिच्या शाळेच्या वेळेपासून याच रस्त्यावर जीप चालवतो, गावातल्या प्रत्येक घरची पिशवी ओळखतो. "काय फुटलं वं साधनाबाई? सोडा का?" "हाव, सोडाच," ती म्हणाली. "लय जुना दिसते सोडा," खालिद म्हणाला, आणि लिंबाच्या सावलीत त्यानं जीप थांबवली. मागचे दोघं बिडी प्यायला उतरले तसा तो हळू आवाजात म्हणाला, "बाकीच्या इथंच नालीत टाकून द्या. परवा गावात बाटलीचं मतदान हाय. तुमच्या आईनं माह्या बायकोले, सरवरीलेबी घरोघर फिरवलं, दोन वर्सं झाली, घरी टायमावर रोटी नाही. अन् तुमी हे घेऊन उतरसान त लोक काय म्हणतीन?" साधना म्हणाली, "कामाच्या आहेत." "बाटल्या? कामाच्या?" खालिदनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. तिनं टाकायला नाही म्हणून मान हलवली, पिशवी छातीशी धरली, आणि पुढचा सगळा दिवस तिला ती मान आठवत राहिली. तेव्हाच टाकायला होय म्हटलं असतं, तर नालीपाशी सगळं संपलं असतं.

पण टाकायच्या कशा? देशोदेशीच्या बिअर चाखणं आणि त्यांच्यावर लिहिणं, हे तिचं पोट होतं. पुण्यात ती एकटी राहायची. टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर पेला ठेवायची, उजेडात धरायची, हुंगायची, घोट जिभेवर फिरवायची आणि मग लिहायची. व्हिडिओत फक्त तिचे हात दिसत आणि आवाज ऐकू येई. नाव दुसरंच होतं. घरी सांगताना ती म्हणायची, "खाण्यापिण्याच्या वस्तू तपासायचं काम आहे," आणि हे काही खोटं नव्हतं. खोटं न बोलता लपवायचं कसं ते तिला लहानपणापासून येत होतं. या पिशवीतल्या बाटल्या बाहेरच्या देशांतून आलेल्या. एक जर्मनीतली, धुरावर वाळवलेल्या जवाची, तिचा वास थेट हुरड्याच्या आगटीचा. एक धने आणि मीठ घातलेली, जिच्याबद्दल तिनं मागे लिहिलं होतं की ही बिअर नसून उन्हाळ्यातला मठ्ठा आहे, फक्त त्याला जगाची हवा लागलेली आहे. एक फिनलंडातली, आणि तीन बेल्जियमच्या आंबट, ज्यांतलं किण्व, म्हणजे आंबवणारं यीस्ट, बाटलीतही जिवंत असतं, वर्षानुवर्षं हळूहळू खात राहतं आणि श्वास सोडत राहतं. गार जागी ठेवलं तर. वऱ्हाडातल्या मे महिन्यात नाही. बर्फाच्या थैल्या कारंजा येईतोच पाणी झाल्या होत्या. सोमवारी तिला या बाटल्यांवर लिहून पाठवायचं होतं, आणि त्यावरून परदेशातल्या एका परीक्षक मंडळावर तिला घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. आपल्याकडच्या बाईला अशी जागा क्वचितच मिळते. पार्सल हाती पडलं आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "तुवं नाव अजून आपल्याच गावच्या यादीत हाय. गावातल्या जेवढ्या मतदार बाया, त्याच्या निम्म्याच्या वर आडव्या बाटलीवर शिक्के पडले तरच फाट्यावरचं दुकान बंद होते. जे बाई आली नाही, ते दुकानाच्या बाजूनं धरल्या जाते. समजलं का? एकेक बाई लागते मले. तू तं माही पोट्टी हायस." आईनं आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणून साधना निघाली. आणि पार्सल सोडवेना म्हणून तेही घेऊन निघाली. माणूस एका पिशवीत दोन गोष्टी कशा भरतो, देव जाणे.

फाट्यावरच्या हापशीवर तिनं पिशवी धुतली, काचा खड्ड्यात पुरल्या, हात मातीनं घासले आणि पर्समधली बडीशेप तोंडात टाकली. चावता चावता ती थबकली. बडीशेप! प्यायलेली नसताना ती प्यायलेल्या माणसासारखी तयारी करत होती. आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर भागिरथानं, तिच्या आईनं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली, तसं करताना नाक जवळ आणलं, आणि विचारलं, "बडीशोप खाल्ली का?" "जीपमध्ये मळमळलं." "हं," आई म्हणाली. त्या एका हुंकारात घरातली सगळी जुनी संध्याकाळ उभी राहिली. आईचे केस पार पांढरे झाले होते, पण चालण्यात एक नवी घाई होती, निवडणुकीच्या उमेदवारासारखी. ओसरीत सतरंज्या टाकलेल्या. भिंतीवर गेरूनं काढलेल्या दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. दुपारी बायांची शेवटची बैठक याच घरात होती.

परसात लिंबाखाली बाबा शेळीला पाला टाकत बसले होते. जानराव पाटील म्हटलं की एके काळी लोक रस्त्याच्या कडेला होत. आता शेळ्या सोडून कुणी कडेला होत नाही. साधनाचं लग्न मोडलं त्याच्याही आधी त्यांनी दारू सोडली. सोडली म्हणजे एक दिवस पडून राहिले, दुसऱ्या दिवशी थरथरत राहिले, मग कधीच बोलले नाहीत त्याबद्दल, आणि हळूहळू बोलणंच कमी करत गेले, जणू दारूबरोबर आवाजही सोडायचा असतो. "आली का?" ते म्हणाले. "आली बाबा." "उन्हाची आली." एवढंच. ते आत चहाला गेले तेव्हा तिनं बाटल्या बाहेर काढल्या. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती. आई, नाहीतर शेजारीण, पाणी काढायला दिवसभर तो उघडत असे. न्हाणीमागं मोठा रांजण होता, त्याच्या बुडाशी ओली रेती. रांजण झिरपतो म्हणून तिथं सावलीलाही गारवा असतो, हे तिला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. ओल्या पोत्यात एकेक बाटली गुंडाळून तिनं रेतीत उभी खोचली. खोचताना लक्षात आलं, की घरातल्या ज्या एका माणसाला बाटली दिसू नये, तो दिवसभर याच परसात बसतो. त्यानं पोतं उचललं तर? इतक्या वर्षांनी पहिला वासच त्याला तिच्या हातून लागला तर? तिनं पोतं पुन्हा सारखं केलं, उगाच त्यावर एक फुटकं टोपलं पालथं घातलं, आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून वळून पाहिलं. हेही बाबांचंच वळून पाहणं.

आईनं तिला ताट वाढलं आणि ती जेवत असताना आई ओसरीत बायांची वाट पाहत राहिली, आणि साधना सगळं जेवण कानांनी जेवली. परसातून आवाज येतोय का. टोपलं सरकतंय का. लहानपणीही ती अशीच कानांनी जेवायची. संध्याकाळी सायकलची घंटी फाटकाशी वाजे आणि आई चुलीपुढून म्हणे, "जाय, बाबाले पाणी दे, अन् वास घेऊन ये." ती तांब्या घेऊन जायची. बाबा वाकले की म्हणायची, "बाबा, हा करा." त्यांना तो खेळ वाटे. खरंच वाटे की ते तसं दाखवत, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. ते हसून, डोळे मिचकावून, तिच्या तोंडावर "हाऽऽ" करत. आणि ती त्या उष्ण हवेत नाक घालून उभी राही. मोहाची असली की मागे कुजक्या फुलांचा गोडवा असे. फाट्यावरच्या देशीला संत्र्याचा खोटा वास, गोळीसारखा. कांदा खाल्लेला असला की तो वरवर तरंगे, खाली दुसरं काही तरी धरून ठेवल्यासारखं. लवंग असली तर समजायचं, आज जास्त झाली. मग ती आत येऊन सांगे, "काही नाही", किंवा "थोडी", किंवा "लय." "लय" म्हटलं की आई चुलीतली लाकडं ओढून विझवे, गोधडी काखेत मारे, तिचं बोट धरे आणि आरडाओरडा सुरू व्हायच्या आत मागच्या दारानं शेजारच्या सोजरबाईच्या घरी. सोजरबाई कधी काही विचारत नसे. जागा करून देई. पुढं पुण्यात कुणीतरी परदेशी शिक्षक एका कार्यशाळेत तिला म्हणाला होता, तुमचं नाक विलक्षण आहे, कुठे घडलं? ती म्हणाली होती, घरीच. सगळे हसले होते, कारण त्यांना वाटलं, मसाले.

ऊन कललं तशा बाया आल्या. ओसरीच्या मागच्या खिडकीत कूलर लावलेला होता. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि तो परसातली हवा ओढून थंड करून आत फेकत होता. साधनाला ते दिसत होतं आणि तरीही सुचलं नव्हतं. आई मधोमध बसली. सरवरी दाराशी, डोक्यावरची ओढणी सारखी करत. सोजरबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून. आता तिला ऐकू कमी येतं, पण बोलायला ती कुणाला ऐकत नाही. "मले एक सांग वं भागिरथे," ती म्हणाली, "शिक्का उभीवर माराचा का आडवीवर?" "आडवीवर, माय! कितीखेपा सांगतलं." "पण आडवी काहून? माह्या घरधन्याले म्या जलमभर आडवाच पाह्यला. बांधावर आडवा, नालीत आडवा. मले त वाटे बाप्पा, एक डाव उभा दिसू दे. म्हून म्या म्हटलं, आपण उभीलेच शिक्का मारू." बाया खळखळून हसल्या. सरवरी डोळे पुसत म्हणाली, "खाला, तुमच्यासारख्या चार निघाल्या न, त दुकानदार तुमच्या घरी मिठाई पाठवन." आई मात्र हसली नाही. तिनं गोडेतेलाची बाटली पुढ्यात घेतली. "हे पाय. हे उभी. हे दुकान चालू. अन् हे," तिनं बाटली लवंडून सतरंजीवर आडवी केली, "हे आडवी. दुकान बंद. बाटली आडवी पडली म्हंजे माणूस उभा राह्यते. समजलं?" सोजरबाई म्हणाली, "तेल सांडन." आईनं पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी केली. घरोघरी दोन वर्षं तिनं हेच केलं होतं. तिच्या मनगटाला त्याची सवय लागली होती. साधना कोपऱ्यात बसून त्या मनगटाकडे पाहत होती आणि पाठीच्या मणक्यानं परसाकडे कान देत होती. परवापर्यंत. फक्त परवापर्यंत टिकायला हवं. दुकानदाराची माणसं गावात सांगत फिरत होती म्हणे, की भागिरथाचाच नवरा पुन्हा लपून पितो, तिला कायचं तोंड. आत्ता जर या घरातून बाटली निघाली तर आईला पुन्हा कधी कुणाचं दार वाजवता येणार नाही. आणि बाबा इतका वेळ शांत का आहेत? शेळी का ओरडत नाही?

फट्.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. परसात काही ना काही पडतच असतं. पण कूलरनं ते उचललं. वाळ्याच्या गार सुवासात मिसळून तो वास ओसरीत आला, आंबट, दमट, गोडसर, सतरंजीवरून बायांच्या पदरांवरून पसरत गेला, आणि बोलणी एकेक करून थांबली. कुणी कुणाकडे पाहीना. या घरातल्या, शेजारच्या घरातल्या, सगळ्या बायांची नाकं एकाच शाळेत शिकलेली होती. त्यांना नाव माहीत नसेल, जात माहीत होती. मग मधल्या दारात बाबा आले. सदरा छातीपासून पोटापर्यंत भिजलेला, हातांतून पाणी गळतंय, कपाळावर काचेचा बारीक ओरखडा. त्यांनी इतक्या बाया पाहिल्या आणि ते उंबऱ्याशीच थांबले. आईचा चेहरा साधनानं पाहिला. तो एका क्षणात साधनाच्या लहानपणी असायचा तसा झाला, चुलीपुढचा, लाकडं ओढायच्या तयारीतला. आईचे ओठ हलले नाहीत. फक्त डोळे साधनाकडे वळले आणि दाराकडे गेले. जाय. वास घेऊन ये.

ती उठली. ओसरी ते दार, चार पावलांचीही वाट नाही, पण त्या वाटेत एक जुना बालुशाहीचा पुडा आडवा आला. ती सहावीत असेल. त्या दिवशी सायकल लवकर आली होती आणि तिला फाटकापर्यंतही जावं लागलं नाही. बाबांच्या सदऱ्याचा वास अंगणातच आला, इतका की ती तांब्या तिथंच ठेवून पळत आत गेली. "लय," ती म्हणाली. दोघी मागच्या दारानं निघून गेल्या. सकाळी परत आल्या तेव्हा चुलीजवळ बालुशाहीचा पुडा होता, कारंज्याहून आणलेला, न सोडलेला, त्याला मुंग्या लागलेल्या. आणि बाबा ओसरीत पडलेले. रात्री उशिरा प्यायलेले. घरी येताना नाही, दोघी निघून गेल्यावर. बाजारात कुणा दुसऱ्याचा पेला त्यांच्या अंगावर सांडला होता, हे त्यांनीच केव्हा तरी, कितीतरी वर्षांनी, शेळीला पाला टाकताना, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. वास सदऱ्याचा होता. तोंडाचा नव्हता. त्या एका दिवशी ती 'हा करा' म्हणाली नव्हती.

आता ती त्यांच्यापुढे उभी राहिली. सदरा बिअरनं ओथंबलेला. दोन्ही हातांना तोच आंबट वास. जगभरच्या बाटल्यांमधला फरक सांगायला लोक तिला बोलावत होते आणि तिला इथं, या हवेत, काही म्हणजे काही वेगळं काढता येत नव्हतं. सगळीकडे एकच वास होता. पस्तिशी ओलांडलेल्या बाईनं, एवढ्या बायांसमोर, म्हाताऱ्या बापाला तोंड उघडायला कसं सांगायचं? बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना कळलं. ते किंचित वाकले, पूर्वीसारखे, पाण्याचा तांब्या घ्यायला वाकत तसे. डोळे मात्र मिचकावले नाहीत.

"हाऽ," ते म्हणाले.

कांदा. ज्वारीची भाकर. तंबाखू, सकाळची. दात नसलेल्या तोंडाचा म्हातारा, कोरडा वास. ती थांबली, घाई केली नाही, त्या सगळ्याच्या खाली, जिथं काही धरून ठेवलेलं असतं तिथपर्यंत गेली. तिथं काही नव्हतं. रिकाम्या माठासारखी स्वच्छ जागा होती.

"पोत्यातून सूं सूं आवाज येऊन राह्यला होता," बाबा हलकेच म्हणाले, जणू ते दोघंच होते. "टोपलं काढून पाह्यलं. तुया कामाच्या असतीन म्हून पाणी घालत बसलो. एक फुटलीच. बाकीच्या हायेत."

म्हणजे दुपारभर. ती कानांनी जेवत होती तेव्हापासून. ते त्या बाटल्यांपाशी बसून, ओंजळीओंजळीनं, पोतं ओलं ठेवत होते.

साधना वळली. बाया तिच्याकडे पाहत होत्या, आणि आईसुद्धा, गोधडी काखेत मारल्यासारखी ताठ. "बाबाचा नाही," ती म्हणाली. "वास माझा हाय, आई. बाटल्या माह्या हायेत. पुण्याहून म्या आणल्या. माझं काम तेच हाय. बिअर चाखते अन् कशी लागते ते लिहिते. खायच्या वस्तू तपासते म्हणाली होती न, त्या ह्याच." कूलर घरघरत राहिला. मग सरवरी दाराशी कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला, म्हंजे यायनं सांगतलेला जीपमधला सोडा तो हाच!" आणि कुणाला तरी हसू फुटलं, आणि लगेच आवरलं. सोजरबाईला काही ऐकू गेलं नव्हतं. शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं. तिनं साधनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चाखाचा पगार भेटते?" "भेटते." "माह्या घरचा फुकट चाखून मेला," सोजरबाई म्हणाली. तेवढ्यात बाबा मागे फिरले आणि पोतं घेऊन आले. शेळीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू आणतात तसं दोन्ही हातांवर. त्यांनी ते आईपुढं सतरंजीवर ठेवलं, उलगडलं आणि एक बाटली, ती शेवटची आंबट, तिच्यासमोर उभी केली. बाटलीच्या गळ्यावर पाण्याचे थेंब होते. साधनाला वाटलं, आई आता उठेल. आई उठली नाही. तिनं बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याच्या भिजल्या सदऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बाहीर देशातली हाय?" तिनं विचारलं. "हाव." "तठच्या बायाबी रडत असतीन," आई म्हणाली. "परवा शिक्का कुठी मारशीन?" "आडवीवर." "तोंडानं नोको सांगू," आई म्हणाली, आणि दोन वर्षांच्या सवयीनं तिच्या मनगटानं ती बाटली धरली, आणि सतरंजीवर आडवी केली.

"आई, आडवी नको! हलली की फुटते ती…"

सगळ्या बाया मागे सरकल्या. सोजरबाई तेवढी पुढं वाकली. आडव्या पडलेल्या बाटलीच्या आत बुडबुडे वर, म्हणजे आता बाजूला, चढत होते. बुचाजवळ बारीक सूं सूं चाललं होतं. "हांऽ," म्हातारी म्हणाली, "हे आडवी. आता समजलं मले." बाबा खाली बसले, त्यांनी ओल्या पोत्याचं टोक बाटलीवर ओढलं आणि त्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि दुसऱ्या हातानं पाण्यासाठी तांब्या मागितला. आईनं तो भरून दिला. त्या वासात सगळ्या जणी श्वास रोखून बसल्या होत्या, आणि कूलर बंद करा, असं कुणीच म्हणालं नाही.